आधी परतीची वाट बघा: गोव्यातल्या नवख्यांसाठी क्रिप्टोची पहिली फेरी

फोंड्यात हिशेबाच्या कामाला बसतो. लोक येतात जीएसटीसाठी, आयकराच्या रिटर्नसाठी, आणि उठता उठता दाराशी थांबून विचारतात क्रिप्टोबद्दल, म्हणजे बिटकॉइनसारख्या डिजिटल नाण्यांबद्दल. पोरानं मोबाइलवर काहीतरी घेतलंय, ते चालतं का? बोटीवरचा भाऊ म्हणतो डॉलर क्रिप्टोतून पाठवतो, घेऊ का? पाठवलेले पोचलेच नाहीत, आता फोन कुणाला करू? आणि सगळ्यात जास्त वेळा: कुठलं नाणं घेऊ? या शेवटच्या प्रश्नाला मी उत्तर देत नाही. ज्याच्याकडे ते उत्तर तयार असतं, त्याच्यापासून चार हात लांब राहावं.

बाकीचं सगळं सांगता येतं, पण ऐकण्यापेक्षा एकदा करून पाहिलं की ते डोक्यात नीट बसतं. म्हणून विचारणाऱ्या प्रत्येकाला मी एकच काम देतो. दोन-तीन हजार रुपये बाजूला काढा, बुडाले तरी झोप उडणार नाही एवढेच. आणि त्यांची एक पूर्ण फेरी करा: एक्स्चेंजवर, म्हणजे क्रिप्टोच्या खरेदी-विक्रीच्या अ‍ॅपवर, रुपये देऊन क्रिप्टो घ्यायचं, तिथून स्वतःच्या वॉलेटमध्ये न्यायचं, तिथून परत एक्स्चेंजला पाठवायचं, विकायचं आणि रुपये बँकेत जमा झालेले बघायचे. रायबंदरहून चोडणला निघालेला परका माणूसही परतीची शेवटची बोट किती वाजता ते आधी विचारून घेतो. क्रिप्टोत मात्र लोक लाखभर रुपये घालून बसतात, आणि बाहेर कसं पडायचं ते भाव कोसळल्यावर शोधायला लागतात.

कायद्याचं एवढं कळलं तरी पुरे

क्रिप्टोवर भारतात बंदी नाही, पण ते चलनही नाही. रिझर्व्ह बँकेनं एप्रिल २०१८ मध्ये बँकांना या व्यवहारांपासून लांब राहायला सांगितलं होतं. ते परिपत्रक सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०२० मध्ये रद्द केलं. मग २०२२ च्या अर्थसंकल्पात सरकारनं क्रिप्टोला ‘आभासी डिजिटल मालमत्ता’ म्हटलं आणि कर लावला. कर लागला म्हणजे सरकारनं शिक्का मारला, असं सांगणारे एजंट भेटतात. त्यात तथ्य नाही. म्हापशाच्या बाजारात कुणी बिटकॉइन पुढे केला तर तो घ्यायची दुकानदारावर कसलीही सक्ती नाही. रिझर्व्ह बँकेचा ई-रुपयासुद्धा क्रिप्टो नव्हे. सर्वसामान्यांसाठी तो १ डिसेंबर २०२२ पासून प्रायोगिक तत्त्वावर आला, आणि तो आपलाच रुपया आहे, डिजिटल रूपातला.

एक फरक गोव्यातल्या माणसाला समजवायला फार बोलावं लागत नाही. म्हापसा अर्बन बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेनं एप्रिल २०२० मध्ये रद्द केला, मडगाव अर्बनचा जुलै २०२१ मध्ये. तरी ठेव विम्यापोटी पाच लाखांपर्यंतच्या रकमेवर ठेवीदाराचा कायदेशीर हक्क होता. क्रिप्टोला असा विमा नाही. एक्स्चेंज बुडालं किंवा लुटलं गेलं तर तुम्ही त्याच्याकडून पैसे येणं असलेल्यांच्या रांगेत उभे. वझीरएक्स या मोठ्या भारतीय एक्स्चेंजमधून जुलै २०२४ मध्ये सुमारे २३ कोटी डॉलरचं क्रिप्टो चोरीला गेलं, तेव्हा ग्राहकांचे पैसे वर्षाहून जास्त काळ अडकून पडले होते.

पहिलं पाऊल: एक्स्चेंजमधलं खातं

मार्च २०२३ पासून क्रिप्टो एक्स्चेंज मनी लाँडरिंगविरोधी कायद्याखाली आले आहेत, आणि भारतीयांना सेवा द्यायची तर त्यांना केंद्राच्या फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटकडे नोंदणी करावी लागते. डिसेंबर २०२३ मध्ये या युनिटनं बायनान्ससह नऊ परदेशी एक्स्चेंजना नोटिसा काढल्या, पुढे त्यांच्या वेबसाइट भारतात अडवल्या गेल्या. बायनान्सला दंड भरून, नोंदणी करूनच परत यावं लागलं. तेव्हा ज्याची नोंदणी नाही अशा अ‍ॅपमध्ये खातं उघडू नका, कमिशन कितीही कमी असलं तरी.

खात्यासाठी पॅन, आधार, सेल्फी आणि स्वतःच्या नावाचं बँक खातं लागतं. इथेच आपल्याकडे गाडी अडते. गोव्यात एकाच माणसाचं आडनाव तीन कागदांवर तीन तऱ्हेनं असतं. नाईकांचं इंग्रजी स्पेलिंग आधारवर साध्या ‘के’नं संपतं आणि जुन्या पासबुकात पोर्तुगीज वळणाच्या ‘क्यू-यू-ई’नं. कुठे वडलांचं नाव मध्ये, कुठे ते गायब. माणसाला हे चालतं, सॉफ्टवेअरला चालत नाही. कधी कधी पैसे भरताना कुणी अडवत नाही आणि काढताना नाव जुळत नाही म्हणून पैसे थांबतात. म्हणून एक रुपयाही भरण्याआधी पॅन, आधार आणि बँक, तिन्हीकडचं नाव अक्षरन् अक्षर सारखं करून घ्या.

बँक खातं वेगळं ठेवा. पगाराचं, दुकानाचं, घराच्या हप्त्याचं खातं क्रिप्टोला जोडायचं नाही. कारण खाली येईलच. लॉगिनसाठी एसएमएसच्या ओटीपीवर विसंबण्यापेक्षा मोबाइलवरच कोड तयार करणारं ऑथेंटिकेटर अ‍ॅप चालू करा, कारण तुमच्या नावानं दुसरं सिमकार्ड काढून घेणारे चोर आहेत.

दुसरं पाऊल: थोडंसं विकत घ्या

हा भाग सगळ्यात सोपा आहे, म्हणून अ‍ॅपवाल्यांनी तो आणखी गुळगुळीत केलाय. आख्खा बिटकॉइन घ्यायची गरज नसते. एका बिटकॉइनचे दहा कोटी भाग होतात, एका भागाला सातोशी म्हणतात, त्यामुळे पाचशे रुपयांचाही घेता येतो. घेण्याचा भाव आणि विकण्याचा भाव यांत फट असते, वर कमिशन, कमिशनवर १८ टक्के जीएसटी. घेतल्या क्षणी विकलं तरी थोडे पैसे कमी होतात, त्यात कुणी फसवलेलं नसतं.

मात्र घेण्यापूर्वी तीन गोष्टी बघा: या अ‍ॅपमधून हे नाणं बाहेरच्या वॉलेटमध्ये पाठवता येतं का, कमीत कमी किती पाठवावं लागतं, आणि त्याचं शुल्क किती. काही अ‍ॅपमध्ये नाणं फक्त पडद्यावर दिसतं, बाहेर काढायची सोयच नसते, विकून रुपये घ्या एवढंच. अशा ठिकाणी आपली फेरी अर्ध्यातच संपते. फ्युचर्स, लिव्हरेज, मार्जिन असे शब्द दिसले की तो कप्पा बंद करा. नवख्याचं तिथे काही काम नाही.

तिसरं पाऊल: वॉलेट, आणि ते बारा शब्द

वॉलेट हे नाव फसवं आहे, कारण त्यात नाणी नसतात. कुठल्या पत्त्यावर किती शिल्लक आहे याची नोंद ब्लॉकचेनवर, म्हणजे जगभरच्या हजारो संगणकांवर ठेवलेल्या एकाच खातेवहीत असते. तुमच्या वॉलेटमध्ये असते ती फक्त किल्ली, त्या नोंदीतली शिल्लक हलवायचा अधिकार देणारी. एक्स्चेंजमध्ये ठेवलंत तर किल्ली एक्स्चेंजकडे. स्वतःच्या वॉलेटमध्ये नेलंत तर किल्ली तुमच्याकडे, आणि ती हरवली तर ‘पासवर्ड विसरलात?’ असं बटणही नाही.

वॉलेटचं अ‍ॅप ते बनवणाऱ्यांच्या स्वतःच्या वेबसाइटवरून दिलेल्या दुव्यानंच उतरवा. गूगलवर शोधल्यावर सगळ्यात वर जाहिरात म्हणून येतं ते बरेचदा हुबेहूब नकली असतं. अ‍ॅप उघडून नवं वॉलेट तयार केलं की ते तुम्हाला बारा, कधी चोवीस, साधे इंग्रजी शब्द दाखवतं. २०४८ शब्दांच्या एका ठरलेल्या यादीतून ते निवडलेले असतात, आणि त्यांच्या क्रमाला तेवढीच किंमत आहे. हे शब्द म्हणजेच किल्ली. मोबाइल पाण्यात पडला, चोरीला गेला, अ‍ॅप बंद पडलं, तरी हे शब्द दुसऱ्या मोबाइलवर टाकले की सगळं परत येतं. आणि हेच शब्द दुसऱ्या कुणाला मिळाले तर त्यालाही सगळं मिळतं, तुमचा मोबाइल तुमच्या खिशात असतानाच. अ‍ॅप उघडायचा पिन वेगळा. तो त्या एका मोबाइलपुरता.

तेव्हा शब्द कागदावर लिहा. फोटो काढू नका, स्क्रीनशॉट नको, स्वतःलाच व्हॉट्सअ‍ॅप करून ठेवू नका, गूगल ड्राइव्ह नको, ईमेलचा ड्राफ्ट नको. क्रमांक घालून, सुटं आणि ठळक लिहा. त्या यादीत शब्दाची पहिली चार अक्षरं दुसऱ्या कुठल्याही शब्दाशी जुळत नाहीत, त्यामुळे शेवटचं अक्षर पुसट झालं तरी शब्द ओळखता येतो.

आता आपला पावसाळा. जूनपासून सप्टेंबरपर्यंत गोव्यात कागदाचं काय होतं ते सांगायला नको. जेल पेनची शाई फुटते, कपाटातल्या फायलींना बुरशी धरते, आणि वाळवीला बिटकॉइनची काय पर्वा. पेन्सिलनं किंवा साध्या बॉलपेननं लिहा, हवाबंद पिशवीत घाला, दोन प्रती करा आणि दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा, त्यातली एक बँकेच्या लॉकरमध्ये असेल तर उत्तम. पण झेरॉक्सच्या दुकानात नेऊन लॅमिनेशन करायचं नाही! तिथल्या पोरानं कागद मशीनमध्ये घातला की किल्ली दोघांची झाली. रक्कम मोठी होईल तेव्हा पोलादी पट्टीवर अक्षरं ठोकायचे संच मिळतात, तेही स्वतःच ठोकायचे. किल्ली इंटरनेटपासून दूर ठेवणारी लेजर, ट्रेझर यांसारखी हार्डवेअर वॉलेटही तेव्हाच घ्यायची, थेट कंपनीकडून, जुनी किंवा उघडलेल्या खोक्यातली कधीच नाही.

लिहून झालं की बहुतेक लोक थांबतात. थांबू नका. वॉलेट अजून रिकामं आहे तोवर अ‍ॅप मोबाइलवरून काढून टाका, पुन्हा उतरवा, ‘आधीचं वॉलेट आहे’ हा पर्याय घ्या आणि कागद बघून बारा शब्द टाका. पूर्वीचाच पत्ता दिसला तर कागद बरोबर. माझ्या मते सगळ्या फेरीत हीच परीक्षा सगळ्यात महत्त्वाची, आणि नेमकी हीच कुणी देत नाही.

चौथं पाऊल: पाठवणं

वॉलेटमध्ये ‘रिसीव्ह’ दाबलं की पत्ता दिसतो, इंग्रजी अक्षरं आणि आकड्यांची लांबलचक ओळ. तो कधीही हातानं टाइप करायचा नाही. कॉपी करा किंवा क्यूआर स्कॅन करा, आणि पेस्ट केल्यावर सुरुवातीची व शेवटची पाच-सहा अक्षरं, मधली काही, डोळ्यांनी ताडून बघा. कॉपी केलेला पत्ता गुपचूप बदलणारे व्हायरस असतात. आणखी एक चलाखी अशी: तुमच्या नेहमीच्या पत्त्यासारखंच पुढचं-मागचं टोक असलेल्या पत्त्यावरून कुणीतरी शून्य किंवा चिल्लर रक्कम पाठवतो, म्हणजे पुढच्या वेळी जुन्या यादीतून पत्ता उचलताना तुम्ही त्याचाच उचलाल. जुन्या व्यवहारांच्या यादीतून पत्ता घ्यायचाच नाही.

मग येतं नेटवर्क, म्हणजे नाणं कुठल्या ब्लॉकचेनवरून जातं ते. नवख्यांचे पैसे अडकतात ते बहुतेक इथे. बिटकॉइनचं सरळ आहे. त्याचे पत्ते ‘बीसी१’नं, १ नं किंवा ३ नं सुरू होतात. पण यूएसडीटी, म्हणजे डॉलरच्या भावाशी बांधलेलं टेदर, एकाच नावानं अनेक नेटवर्कवर फिरतं. इथेरियमवर पत्ता शून्य आणि एक्सनं सुरू होतो, ट्रॉनवर इंग्रजी टी या अक्षरानं. पाठवणारा आणि घेणारा, दोन्हीकडे एकच नेटवर्क हवं. पाठवायचं शुल्क त्या नेटवर्कच्या स्वतःच्या नाण्यात लागतं: ट्रॉनवरचे यूएसडीटी हलवायला ट्रॉनचं नाणं, इथेरियमवर इथर. वॉलेटमध्ये शंभर यूएसडीटी आहेत पण ट्रॉन नाही, म्हणून हलवता येत नाही, ही तक्रार मी वारंवार ऐकतो. इलाज साधा आहे, थोडं ट्रॉन त्याच पत्त्यावर मागवून घ्यायचं. एक्सआरपीसारखी काही नाणी एक्स्चेंजला परत पाठवताना पत्त्याबरोबर टॅगही, म्हणजे तुमचं खातं ओळखायचा आकडा, द्यावा लागतो, तो विसरलात तर पैसे एक्स्चेंजपर्यंत पोचतात पण तुमच्या नावावर चढत नाहीत.

रक्कम कितीही असो, आधी चिमूटभर पाठवा. पोचली की उरलेली. दोनदा शुल्क बसतं, बसू द्या.

बिटकॉइनच्या वॉलेटमध्ये दर वेळी नवा पत्ता दिसतो म्हणून घाबरणारेही आहेत. जुना पत्ता चालूच असतो, त्यावर आलेले पैसेही तुमचेच. नवा पत्ता एवढ्यासाठी की तुमचे सगळे व्यवहार एका ओळीत कुणाला वाचता येऊ नयेत. कारण ब्लॉकचेन उघडी असते. क्रिप्टो गुप्त असतं ही समजूत सोडून द्या.

गेले, पण पोचले नाहीत

प्रत्येक व्यवहाराला एक ओळखक्रमांक मिळतो, त्याला टीएक्स-आयडी म्हणतात. एक्स्चेंजच्या यादीत तो अजून दिसत नसेल तर पैसे निघालेलेच नाहीत, त्यांच्याकडे तपासणीत आहेत. मोठ्या किंवा पहिल्या व्यवहाराला असं होतं, वाट बघा किंवा त्यांच्या अ‍ॅपमधूनच तक्रार करा. क्रमांक मिळाला असेल तर तो एक्सप्लोररवर, म्हणजे ब्लॉकचेनवरची नोंद दाखवणाऱ्या वेबसाइटवर, टाका: बिटकॉइनला मेमपूल स्पेस, इथेरियमला इथरस्कॅन, ट्रॉनला ट्रॉनस्कॅन. ‘अनकन्फर्म्ड’ दिसलं तर व्यवहार रांगेत आहे. बिटकॉइनमध्ये सरासरी दहा मिनिटांनी एक ब्लॉक, म्हणजे व्यवहारांचा एक गठ्ठा, तयार होतो, पण ती सरासरी. कधी दोन मिनिटं, कधी तासभर. शुल्क कमी ठेवलं असेल आणि गर्दी असेल तर त्याहून जास्त. तुमचा व्यवहार एका ब्लॉकमध्ये बसला की एक कन्फर्मेशन, त्यावर आणखी ब्लॉक चढत जातात तशी संख्या वाढते. मोठ्या रकमेला सहा कन्फर्मेशनपर्यंत थांबायची जुनी पद्धत आहे. एक्स्चेंजही ठरलेल्या संख्येपर्यंत थांबूनच रक्कम जमा दाखवतं.

एक्सप्लोरर म्हणतो पोचले आणि वॉलेट दाखवतं शून्य, तर बहुधा अ‍ॅपनं नवी नोंद अजून ओढलेली नाही, किंवा ते नाणं, ते नेटवर्क अ‍ॅपमध्ये चालू केलेलं नाही. शिल्लक ब्लॉकचेनवर आहे, अ‍ॅप फक्त ती दाखवतं. पत्ताच चुकीचा असेल तर मात्र उलट फिरवणारा कुणी नाही.

या घालमेलीतच माणूस गूगलवर कस्टमर केअरचा नंबर शोधतो, आणि तिथे चोर बसलेला असतो. गोड बोलतो, स्क्रीन शेअर करायला सांगतो, ‘वॉलेट सिंक करायला’ बारा शब्द मागतो. ते शब्द कुठल्याही खऱ्या कंपनीला, बँकेला, पोलिसाला कधीच लागत नाहीत.

पाहुणा यूएसडीटी देतो म्हणतो

मोरजी, हरमल, मांद्रे इथे गेस्टहाउस किंवा भाड्याच्या स्कूटर चालवणाऱ्यांना परदेशी पाहुणा कधीतरी विचारतोच, की भाडं यूएसडीटीत देऊ का. माझं उत्तर ठाम ‘नको’ असं आहे. घेतलेली रक्कम त्या दिवसाच्या रुपयातल्या किमतीनं धंद्याचं उत्पन्न धरायची, त्याचं बिल फाडायचं, आणि पुढे ती विकताना क्रिप्टोचा कर पुन्हा वेगळा. शिवाय ते यूएसडीटी कुठून फिरून आले याचा तुम्हाला पत्ता नसतो. पाहुण्याला कार्ड, परवाना असलेला मनीचेंजर किंवा परदेशी प्रवाशांसाठीचं यूपीआय वन वर्ल्ड सुचवा.

ते यूएसडीटी विकायला लोक टेलिग्रामवरचं गिऱ्हाईक शोधतात, कारण भाव दोन-चार रुपये जास्त मिळतो. याला पीटूपी म्हणतात, आणि खातं गोठतं ते इथे. तुम्हाला यूपीआयनं आलेले रुपये बरेचदा दुसऱ्याच कुठल्या तरी राज्यातल्या फसवल्या गेलेल्या माणसाचे असतात. तो तक्रार करतो, तिथले सायबर पोलीस पैशाचा माग काढत तुमच्या खात्यापर्यंत येतात, बँक रक्कम अडवते, कधी आख्खं खातं. तुम्ही निर्दोष असलात तरी ते सिद्ध करायला अर्ज, पुरावे, त्या गावच्या खेपा तुमच्याच. वेगळं बँक खातं ठेवा म्हटलं ते यासाठी. आणि विकायचं तर नोंदणीकृत एक्स्चेंजवर, अनोळखी माणसाला नाही.

दर्यावरच्या माणसाचा पगार

गोव्यात घरटी नाही तरी वाड्यावाड्यात एखादा तारवटी असतोच. बोटीवर कुणीतरी त्याला सांगतं, बँक कमिशन खाते, यूएसडीटीनं पाठव, पाच मिनिटांत पोचतं. पोचतं हे खरं. पण घरी वहिनीच्या हातात येतात ते यूएसडीटी, रुपये नव्हेत, आणि ते विकण्यापासून वरच्या सगळ्या कटकटी सुरू होतात. बाहेरची कमाई अनिवासी भारतीय म्हणून एनआरई खात्यात आणली तर तिचा कागद स्वच्छ राहतो, व्याजही करमुक्त. उद्या घरासाठी कर्ज काढायचं, जमीन घ्यायची, तर पैसा कुठून आला हे त्या खात्याचा उतारा सांगतो. वाचलेल्या कमिशनापेक्षा तो उतारा जास्त मोलाचा आहे.

दामदुप्पटवाले

यावर थोडक्यात. हॉटेलचा हॉल, कोट घातलेला वक्ता, महिन्याला ठरलेला परतावा, खाली माणसं जोडा. नाण्याचं नाव बदलतं, बाकी तेच. वनकॉइन नावाच्या जगभर विकल्या गेलेल्या प्रकरणात तर मागे खरी ब्लॉकचेनच नव्हती. बिटकनेक्ट नावाची अशीच परताव्याची योजना जानेवारी २०१८ मध्ये बंद पडली. फसलात तर लाज बाळगून दिवस घालवू नका. लगेच १९३० या हेल्पलाइनला फोन करा, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा आणि रायबंदरच्या सायबर गुन्हे पोलीस ठाण्यात जा. पहिल्या काही तासांत रुपये बँकेतच अडवता येण्याची शक्यता असते. आणि ‘बुडालेलं क्रिप्टो परत मिळवून देतो, आधी फी भरा’ म्हणणारा बहुधा त्याच टोळीतला असतो.

शेवटचं पाऊल: विकणं, कर आणि गोव्यातली जोडपी

आता वॉलेटमधलं परत एक्स्चेंजला पाठवा, विका, रुपये बँकेत घ्या. विकताना रकमेवर १ टक्का टीडीएस कापला जातो, नफ्यावर नव्हे, आख्ख्या विक्रीवर. तो तुमच्या पॅनवर जमा होतो आणि रिटर्नमध्ये वळता करून घेता येतो. नफ्यावर सपाट ३० टक्के कर, वर ४ टक्के सेस. वजावट फक्त खरेदीच्या किमतीची. उत्पन्न करपात्र मर्यादेच्या आत असलं तरी या नफ्याला ती सवलत लागू नाही.

तोट्याचा नियम सगळ्यात कडक. समजा एक नाणं १०,००० ला घेऊन १४,००० ला विकलं, नफा ४,०००. दुसऱ्यात ६,००० गेले. खिशातून एकूण २,००० गेलेले आहेत, तरी पहिल्या ४,००० वर १,२०० कर आणि ४८ सेस, मिळून १,२४८ भरायचेच. दुसऱ्या नाण्यातला तोटा वजा होत नाही, पुढच्या वर्षी नेताही येत नाही. एक नाणं देऊन दुसरं घेतलं तरी ती विक्रीच धरली जाते, रुपये हातात आलेले नसले तरी. स्वतःच्याच वॉलेटमध्ये नेणं-आणणं मात्र विक्री नव्हे, म्हणून तारीख, रुपयातली किंमत आणि टीएक्स-आयडी एका वहीत लिहून ठेवा. एक्स्चेंजचा उताराही दर तीन महिन्यांनी उतरवून घ्या. अ‍ॅप बंद पडल्यावर तो मागायचा कुणाकडे?

आणि हे गोव्याबाहेरच्या मार्गदर्शकांत सापडत नाही. आपल्याकडे पोर्तुगीज नागरी संहिता चालते. लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक. आयकर कायद्यानंही हे मानलं आहे, जुन्या १९६१ च्या कायद्यात त्यासाठी कलम ५-अ होतं. पगार सोडून बाकीचं उत्पन्न दोघांत निम्मं-निम्मं वाटून दोघांच्या रिटर्नमध्ये दाखवायचं. क्रिप्टोचा नफा पगार नव्हे, तेव्हा तोही अर्धा-अर्धा. खातं नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर, टीडीएस त्याच्या पॅनवर, आणि बायकोला या खेळाची कल्पनाच नाही, अशी घरं मला भेटतात. मार्च संपल्यावर तिच्या रिटर्नमध्येही क्रिप्टो दाखवायचं निघतं, आणि घरात वेगळीच सभा भरते. ‘सहज’ (आयटीआर-१) या साध्या फॉर्मवर हे भरता येत नाही. क्रिप्टोचं वेगळं परिशिष्ट आणि जोडप्याच्या वाटणीचं वेगळं परिशिष्ट असलेला फॉर्म लागतो, टीडीएसची वाटणीही तिथेच दाखवायची. मुंबई-पुण्याच्या ऑनलाइन कर अ‍ॅपवर भरणाऱ्यांनी हे आवर्जून तपासावं.

ती सभा भरलीच आहे तर एक काम तेव्हाच उरकून घ्या. वॉलेटला नॉमिनी नसतो. एका चिठ्ठीवर लिहा: कुठल्या एक्स्चेंजला खातं आहे, ते कुठल्या ईमेलवर आहे, वॉलेट कुठल्या नावाचं, आणि शब्दांच्या कागदाच्या दोन प्रती कुठे ठेवल्यात. शब्द त्या चिठ्ठीवर लिहायचे नाहीत. चिठ्ठी घरच्या कागदपत्रांच्या फायलीत, बायकोला किंवा नवऱ्याला सांगून ठेवा, आणि दर वर्षी रिटर्न भरताना काही बदललं असेल तर जुनी फाडून नवी लिहा.